दादानं मांडलेली माझी बाजू

बाबा, आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात काही झालं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटतं, त्याला मी काय करू? डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन केलं तर ती पुन्हा चालेल, नाहीतर अंथरूण सुटणार नाही, पण हृदय कमजोर आहे, "फैसला आप लोग कर लीजिए." आई म्हणते, तुम्ही दोघं ठरवा. दादा पुण्याहून म्हणतो करा, मी म्हणते नको, या वयात तिला सोसणार नाही. रोज फोनवर नुसते भांडून राहिलो आम्ही. आता तर भांडायचाही कंटाळा आला.

मग तुमची पद्धत आठवली. घमापुरच्या घरात आम्ही भांडलो की तुम्ही कोर्टातून आल्या आल्या, काळा कोटही न काढता, स्वयंपाकघरात पाट ओढून बसायचे. "चलो, बाजू बदला!" मी दादाचं म्हणणं मांडायचं, दादानं माझं, आणि समोरचा "हो, हेच" म्हणेपर्यंत ताट वाढायचं नाही. आई पोळ्या लाटता लाटता वैतागायची, "अहो, लेकरं उपाशी आहेत, काहून छळून राहिले त्यांना?" मला तर तुमचा असा राग यायचा! आपलं खरं असताना दुसऱ्याचं कशाला बोलायचं?

काल दुपारी मीच म्हटलं, दादा, बाजू बदलू. तो आधी हसला. मी त्याची बाजू मांडली: तू लांब आहेस, आईसाठी तुला करता येण्यासारखं एवढंच आहे, आणि काहीच न करता ती गेली तर तुला झोप लागायची नाही. तो म्हणाला, "हो, हेच." मी आपली समजत होते, हा फोनवरून नुसते हुकूम सोडतो.

मग त्यानं माझी मांडली. वयाबद्दल नाही, हृदयाबद्दल एक शब्द नाही. "तू थकली आहेस. शाळा सांभाळून आईचं करून राहिली. ऑपरेशननंतर तिला उठवणं, बसवणं, बेडपॅन, सगळं तुझ्यावरच. मी थोडे दिवस येईन अन् निघून जाईन." मी अशी चिडले! "असं कधी म्हटलं रे मी? काहीच्या काही बोलू नको," म्हणून फोनच ठेवला.

आता दवाखान्यात तिच्या उशाशी बसून लिहून राहिले. ती जागी आहे, केस विंचरून दे म्हणते. संध्याकाळी डॉक्टरांना सांगायचंय. मी होच म्हणणार आहे, दादालाही तसं कळवते. पण नको का म्हणत होते, ते त्याच्यापाशी कबूल करायला तोंड उघडत नाही, आणि हा कागद तर कुठं पाठवायची सोयच नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तिला सोसणार नाही म्हणत होते ना मी? मला सोसणार नाही, बाबा.