शनिवारचं खोडरबर

शनि. ३ जाने.
वाचनालयात गेलो. कुसुम गेल्यापासूनचे पाच महिन्यांचे शनिवार चुकले होते. निवृत्तीनंतरचं माझं ठरलेलं काम: परत आलेल्या पुस्तकांची सुटी पानं चिकटवायची, वाचकांनी ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा खोडायच्या. ढिगात वरतीच 'ती' विहिरीवरच्या बायकांची कादंबरी. कुसुमने आजारपणात शेवटी मागितलेली. मी खोडरबर उचललं तर ग्रंथपाल मंदा (माझीच विद्यार्थिनी, आता केस पिकलेत तिचे) म्हणाली, "गुरुजी, ह्ये नका खोडू."
"का गं?"
"आता खोडायसारखं काय ऱ्हायलं नाय त्यात."
पुस्तक घरी आणलं.

रवि. ४
वाचतोय. जन्मभर कादंबरीला नाक मुरडलं. चौथीच्या मुलांना चालीवर कविता म्हणायला शिकवणारा माणूस मी. कुसुम म्हणायची, "तुमच्या कवितेत नुसतं चांदणं. माझ्या कादंबरीत सासू असते, दूध उतू जातं, कुणीतरी रुसून जेवत नाही."
ह्यात दाजीबा म्हणून एक म्हातारा आहे. पोरीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिच्या घरचं पाणीही न पिणारा. कुसुम एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "अहो, तुमचा भाऊ भेटला मला पुस्तकात." मी हसलो होतो. कोण भाऊ, ते विचारलं नाही.

मंगळ. ६
मंदा वालाच्या शेंगा घेऊन आली. चहा ठेवला. कप तसाच निवला, आणि मग तिने सगळं सांगितलं.
अकरा वर्षांपूर्वी नीलाने, आमच्या एकुलत्या मुलीने, रसायनीच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाशी परस्पर लग्न केलं. आम्हाला कळलं तेव्हा हार घालून झाले होते. मी कुसुमला देवासमोर शपथ घातली, तिच्याशी बोलायचं नाही, चिठ्ठी लिहायची नाही. कुसुमने पाळली. मला अभिमान होता.
मंदा म्हणाली, "काकू म्हनायच्या, मी कुठं बोलते, मी कुठं लिवते? छापलेलंच हाय, मी खाली रेघ मारते."
कुसुम मंगळवारी पुस्तक परत करी. बुधवारी नीला खोपोलीहून येऊन तेच नेई. आईच्या रेघा वाचायची, आपल्या मारायची. अकरा वर्षं. दुसऱ्यांच्या वाक्यांत मायलेकी बोलत होत्या. नीलाला मुलगा झाला, हे कुसुमला कुठल्याशा बारशाच्या प्रसंगाखालच्या रेघेने कळलं.
"शनिवारी तुमी यायच्या आधी मी तेवढं पुस्तक कपाटात लपवायची, गुरुजी. जुलैत पोरीच्या बाळंतपनाला गेले नि..."


बुध. ७
लिहून काढलंच पाहिजे. जुलैतली गोष्ट. कुसुम अंथरुणावर. "ती विहिरीवरची कादंबरी परत आली का बघता?" आली होती. मी तिथेच बसून एकेक रेघ खोडली, चुरा फुंकला, घरी आणली. म्हटलं, "बघ, कोरं करून आणलंय तुला."
तिने पानं चाळली. पुढून, मग मागून. मग पुस्तक उशाशी ठेवून भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, दमली.
नऊ दिवसांनी गेली.

शनि. १०
सकाळच्या उन्हात खिडकीशी पान तिरकं धरलं. खोडलं तरी कागदावर चर राहतो. चार ठिकाणी सापडला. तीन ठिकाणी दुखण्याखुपण्याची चौकशी. चौथ्या ठिकाणी विहिरीच्या पलीकडून लेक आईला विचारते:
"एकदा येऊन जाऊ का?"
एवढंच. ह्या ओळीखाली दोनदा रेघ होती.
नीला आईच्या उत्तराची वाट बघत बसली असेल. उत्तर आलं नाही, म्हणजे नको. स्मशानाच्या वळणावर उभी होती त्या दिवशी. मी पाहिली. मान खाली घातली.

सोम. १२
स्टेशनवर गेलो. खोपोलीची गाडी लागली होती. अर्धा तासही लागत नाही. बाकावर बसून राहिलो. गाडी गेली. दार उघडून तिने काय म्हणावं? अकरा वर्षं मीच तर...
परत येताना आठवलं, नीला पाच वर्षांची असताना कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत तिला खांद्यावर नेलं होतं. वाटभर माझ्या चालीत कविता म्हणत होती. मध्येच अडली की माझे केस ओढायची, "अण्णा, पुढचं सांगा ना."

शनि. १७
तिच्या प्रश्नाला उत्तर होईल असं वाक्य शोधतोय, म्हणजे खाली रेघ मारता येईल. दोनदा वाचली कादंबरी. दाजीबा कुठेच 'ये' म्हणत नाही. बैलाला म्हणतो, पावसाला म्हणतो. पोरीला नाही.
मग पाठ्यपुस्तकातल्या कविता एकेक आठवल्या. साठ-सत्तर तरी तोंडपाठ असतील. कुठल्याच कवितेतला बाप मुलीला घरी बोलावत नाही.

मंगळ. २०
चौथ्या रेघेच्या समासात स्वतःच लिहिलं. "रेघा मी खोडल्या. आईला दिसल्या नाहीत. ये. अण्णा."
मंदाकडे दिलं. "गुरुजी, तुमी पुस्तकावर लिवलंत? आमाला पट्टी खावी लागायची!" हसली, मग पदर डोळ्याला.
नीला अजून दर बुधवारी येते म्हणे. तेच पुस्तक नेते, तेच परत आणते. गेले दोन बुधवार माझ्यामुळे रिकाम्या हाताने परत गेली.

बुध. २१
मंदाचा फोन. "न्येलं."

रवि. २५
वालाचं बिरडं केलं. कुसुमसारखं नाही जमलं. दोघांपुरतं झालं होतं, तिघांपुरतंही झालं असतं. दुपारी फाटक वाजलं. पोस्टमन.

बुध. २८
पुस्तक अजून आलं नाही. एरवी आठवड्यात येतं. चांगलं की वाईट?

शनि. ७ फेब्रु.
आलं. मंदाने हात न लावता तसंच माझ्यापुढे ठेवलं.
समास कोरा. माझी अक्षरं खोडलेली. नीट, कागद न चुरगाळता, कडेकडेने. तिला मीच शिकवलं होतं असं खोडायला, पहिलीत असताना.
खिडकीशी प्रत्येक पान तिरकं धरून पाहिलं. नवी रेघ कुठेही नाही.
मंदा म्हणाली, "वाचलं आसंल ना, गुरुजी. वाचल्याबिगर कोन खोडतं?"
मी खोडत असे. न वाचता.
पेन्सिल मागून घेतली. त्याच समासात, तेच पुन्हा लिहिलं. या वेळी जरा दाबून.