सहावी गोळी

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
२९ जानेवारी २०१२, रविवार

सौ. मीनाक्षीस,

सप्रेम नमस्कार. एकतीस वर्षांच्या संसारात तुला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, तेव्हा मायना चुकला असेल तर सांभाळून घे. 'आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत' असं लिहायची पद्धत आहे. इकडे सर्व म्हणजे मी एकटाच, आणि मी नुसता खुशाल नाही, एकदम फर्स्ट क्लास आहे! फोन करू नका म्हणालीस, म्हणून केला नाही. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस.

तर ऐक. तुझा नवरा रोज सकाळी फिरायला जातो. हो, मीच! ऑक्टोबरात अटॅक आल्यापासून जो माणूस पलंगावरून पाण्याचा पेला मागायचा, तो आता कानटोपी घालून समोरच्या ब्लॉकमधल्या राजाभाऊंच्या आधी फाटकाशी हजर असतो. पहिल्या दिवशी पार्कची एक फेरी मारली आणि बाकावर बसकण मारली. काल चार मारल्या. मार्केटातून पांढरे बूट आणले. दुकानदार विचारतो, "अंकल, बेटे के लिए?" म्हटलं, "नहीं यार, अपने लिए." माझं माप आठ आहे, हे मला तिथे कळलं. आजवर तूच आणायचीस ना.

वरण जमतं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना मध्ये कुणाशी बोलायचं नाही, ही त्यातली मुख्य गोष्ट. आपली नंदा काल नोएडाहून आली, तिला वाढलं. एक घास घेऊन म्हणाली, "बाबा, अच्छा है, पण यात राई कुठाय?" मी म्हटलं, मोहरी म्हण, मराठीत मोहरी म्हणतात. मग पातेल्यात डोकावून बघितलं तर मोहरी घालायचीच राहिली होती.

आणि आता सगळ्यात मोठी बातमी. माझी औषधं मी आणली! तू निघायच्या आधी सरकारी दवाखान्यात मागणी लिहून ठेवली होतीस, ती सोमवारी मी स्वतः रांगेत उभा राहून घेतली. कंपाउंडर म्हणाला, "साहब, आज मैडम नहीं आईं?" मी ताठ मानेनं सांगितलं, "आगे से हम ही आएँगे." घरी येऊन पट्टीनं रेघा मारून तक्ता केला, ऑफिसात करतो तसा, आणि फ्रिजवर चिकटवला. एकूण सहा औषधं. मला आपलं पाचच असल्यासारखं वाटत होतं, पण दवाखान्याचं कार्ड माझं, वर नाव माझं, आणि बाटलीभर बारीक पांढऱ्या गोळ्या, त्यावर 'सुबह खाली पेट'. नवीन दिली असेल. सोमवारी आल्या आल्या पहिली घेतली, दुपारपर्यंत तसाच उपाशी होतो म्हणून. आता रोज उठल्याबरोबर.

तू गेलीस त्या सकाळबद्दल इथे काही लिहीत नाही. हवापालटासाठी बहिणीकडे मिरजेला गेली आहे, असं मी सगळ्यांना सांगितलंय. लतिकाला नमस्कार सांग.

सवयीनं खाली 'आपला विश्वासू' लिहून गेलो होतो. ते खोडलंय.

सूर्यकांत


सरोजिनी नगर
१९ फेब्रुवारी २०१२

प्रिय मीनाक्षी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं! 'पत्र पोचलं. जपून चालावं. गोळ्या वेळेवर घ्याव्यात.' तीनच वाक्यं, पण राजाभाऊंना दोनदा वाचून दाखवली. त्यांनी तिसऱ्यांदा ऐकायला नकार दिला.

गोळ्या वेळेवरच घेतो. एकही चुकलेली नाही, तक्त्यावर रोज खूण करतो. आणि त्याचं फळ काय सांगू तुला! तीन किलो वजन उतरलं. पहाटे गजराच्या आधी टक्क जाग. अंगात इतका जोर आलाय की बसवत नाही. परवा माळ्यावरचे डबे काढून पुसले, काल पडदे धुतले, आज सकाळपासून पत्र लिहितालिहिता दोनदा उठून येरझाऱ्या घातल्या. राजाभाऊ म्हणतात, "सूर्यकांतराव, सावकाश, पार्क कुठे पळून जात नाही." त्यांना धाप लागते, मला नुसतं धडधडतं. ते उत्साहाचं असावं. फेब्रुवारीत सगळी कॉलनी स्वेटरमध्ये आणि मी खिडक्या सताड उघड्या टाकून बसतो. दाढी करताना हात जरा थरथरतो, तेवढं सोडलं तर पंचवीस वर्षांचा झालोय.

खरं सांगू, स्वतःचं स्वतः करण्यात मजा आहे. हे कुणी मला आधी सांगितलं नाही. आज पोहे केले, लिंबू पिळलं, वर कोथिंबीर. सकाळचा चहाही माझा मीच करतो, आणि वाफाळता पितो! तुझ्यासारखा बशी झाकून अर्धा तास गार करत ठेवत नाही. काय तुझं एक एक खूळ! चार वर्षं बघतोय, मला चहा द्यायचा, आपला कप झाकून ठेवायचा आणि मग तो गारढोण चहा प्यायचा. मी किती हसलो असेन त्यावर.

तू नेहमी म्हणायचीस, थकवा येतो, पाय जड होतात, सारखी झोप येते. बघ मीनाक्षी, मनावर घेतलं की सगळं जातं. माझं गेलं ना? तूही तिकडे फिरायला लाग. आळस सोडायला वय लागत नाही.

उद्या महाशिवरात्र. उपास करणार नाही, डॉक्टरांनी उपाशी राहू नका म्हटलंय. बघ, किती ऐकतो मी आता.

उत्तर चार वाक्यांचं चालेल.

तुझा,
सूर्यकांत


सरोजिनी नगर
४ मार्च २०१२

मीनाक्षी,

आधी एक सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना घाबरणार नाहीस. मी बरा आहे. नंदा इथेच आहे, तिनं रजा घेतली आहे.

गुरुवारी सकाळी दुसऱ्या फेरीला छातीत असं धडधडायला लागलं की बाकावर बसलो तरी थांबेना. राजाभाऊंनी मला ऑटोत घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. तिथे ईसीजीची पट्टी निघाली, हृदय नुसतं पळत होतं, दुसरा अटॅक नव्हता. डॉक्टर म्हणाले, काय काय घेता ते दाखवा. राजाभाऊ परत घरी जाऊन सगळा डबा घेऊन आले, फ्रिजवरचा तक्तासुद्धा. मला तशातही जरा अभिमान वाटला, इतका स्वच्छ तक्ता त्यांनी बघितला नसेल.

डॉक्टरांनी पाच औषधं एका बाजूला सारली. ती बारीक पांढऱ्या गोळ्यांची बाटली हातात धरून म्हणाले, "यह आप क्यों खा रहे हैं? यह तो थायरॉइड की है. घर में किसी को थायरॉइड है?"

मी ठासून सांगितलं, "नहीं जी. घर में किसी को नहीं."

त्यांनी डब्यातली दवाखान्याची चिठ्ठी उलगडली. वर कार्डधारक म्हणून माझं नाव, ते मी वाचलं होतं. त्याखाली प्रत्येक औषधासमोर बारीक अक्षरात ते कुणासाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचलं नव्हतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या टिपणांतल्या चुका काढणारा माणूस मी. डॉक्टरांनी चष्मा वर करून विचारलं, "मीनाक्षी कौन हैं?"

उत्तर राजाभाऊंनी दिलं.

घरी आल्यावर नंदाला म्हटलं, तुझ्या आईला थायरॉइड आहे. ती म्हणाली, "बाबा, ये तो सबको पता है. चार साल झाले." मग मी कपाटातली हिरव्या नाडीची फाइल काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात 'वैद्यकीय' लिहिलंय. वरच्या सगळ्या कागदांवर माझं नाव. तळाशी तुझे रिपोर्ट, तारखेवारी लावलेले, कुणाला दिसू नयेत इतके नीट. थकवा, पायांना सूज, केस गळणं, झोप. डॉक्टरांनी एकेक लिहून ठेवलंय. मी ज्याला आळस म्हणत होतो त्याला दवाखान्यात नाव होतं. शेवटच्या कागदावर 'पुन्हा तपासणी, १४ ऑक्टोबर' आहे. चौदा ऑक्टोबरला तू माझ्या खाटेशी बसली होतीस. त्यानंतरचा कागद नाही.

आणि गोळी रिकाम्या पोटी, त्यानंतर अर्धा तास काही नाही, चहासुद्धा नाही. हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आणि मला तो झाकलेला कप आठवला. मला गरम चहा सहाच्या ठोक्याला हवा असायचा म्हणून तू दोन्ही कप एकदमच करायचीस. तुझा गार व्हायचा. मी हसायचो. तू एकदाही सांगितलं नाहीस, की सांगितलंस आणि मी पेपर वाचत होतो? खरंच आठवत नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

आता ती सकाळ. दोन पत्रांत टाळली, आज लिहितो. तू पलंगाच्या कडेला बसून म्हणाली होतीस, "अहो, आज मला उठवत नाही हो." आणि मी म्हटलं होतं, "तुला काय धाड भरलीय? आजारी मी आहे." तू माझं पथ्याचं करून ठेवलंस, औषधांची मागणी लिहून आलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. मी आजपर्यंत सगळ्यांना हवापालट सांगत आलो. तू हवापालटाला गेली नाहीस. तू माझ्यापासून दूर गेलीस. राजाभाऊंना काल तसंच सांगितलं, त्याच शब्दांत.

तुझ्या एकोणचाळीस गोळ्या मी खाल्ल्या, मीनाक्षी. तीन किलो, धुतलेले पडदे, पंचवीस वर्षांचा उत्साह, सगळं तुझ्या बाटलीतलं होतं! नंदा हे ऐकून इतकी हसली की शेवटी डोळे पुसायला लागली, आणि मग मीही. उरलेल्या एकसष्ट रजिस्टर पार्सलनं पाठवतोय. नंदा सांगते की तिकडे तू घेते आहेस. तपासणी मात्र झालेली नाही, तेही तिनंच सांगितलं. लतिकाला घेऊन या आठवड्यात जाऊन ये. ही विनंती आहे, ऑर्डर नाही.

गंमत म्हणजे बाटली बंद झाली तरी फिरणं सुटलेलं नाही. आज हळूहळू दीडच फेरी मारली, धाप लागली, मध्ये दोनदा बसलो. पण ती दीड फेरी पूर्ण माझी होती, आणि मला चार फेऱ्यांपेक्षा जास्त आनंद झाला! वरणात मोहरी पडते आता. तक्ता नवीन केलाय. त्यात दोन रकाने आहेत, एक माझा, एक तुझा. तुझ्या रकान्यात मला अजून पुष्कळ काही माहीत नाही. तारखा, प्रमाण, काय खाल्लं की त्रास होतो, काहीच नाही. ते तुला विचारून भरायचंय.

परत ये असं लिहिणार नाही. हा क्वार्टर तुला आजारी पडायलाही मोकळा नव्हता, तिथे कशाला बोलवू? होळीनंतर माझी पंधरा दिवसांची रजा मंजूर आहे. मी मिरजेला येऊ का? लतिकाकडे नको, जवळपास खोली घेईन. सकाळी येत जाईन. तपासणीला तुझ्याबरोबर रांगेत उभा राहीन आणि चिठ्ठीवरची सगळी अक्षरं वाचीन, बारीकसुद्धा. नको म्हणालीस तर येणार नाही, आणि कारण विचारणार नाही.

तीन दिवस झाले, सकाळी गोळी घेऊन चहा करतो आणि बशी झाकून ठेवतो. माझ्या गोळ्यांना त्याची गरज नाही. पण अर्धा तास केवढा मोठा असतो ते मला कळत नव्हतं. समोर चहा दिसत असतो, वास येत असतो, आणि नंदा अजून झोपलेली, त्यामुळे बोलायला कुणी नसतं.

तू आधी गोळी घे. मग मी चहा टाकीन, दोघांचा एकदम, अर्ध्या तासानंच.

तोवर थांबलेला,
तुझा सूर्यकांत