कशासाठी, हे न विचारणारं दुकान

प्रिय शालन,

उद्या सकाळच्या विमानाने विहीणबाई पुण्याहून इथे चेन्नईला येताहेत, आणि त्या येण्याआधी मला एक गोष्ट कुणाला तरी सांगायलाच हवी. केतकीला सांगण्यात अर्थ नाही, तिला ती माहीत आहे. उरलीस तू. तू गेल्याला दीड वर्ष झालं आणि मी तुला पहिलं पत्र लिहितोय ते हे. "काम असलं की बरी आठवण येते माझी," असं तू म्हणाली असतीस. म्हण. आज मी सगळं ऐकून घेणार आहे.

आधी बातमी सांगतो. आपल्या केतकीला सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. विहीणबाईंनी, निखिलच्या आईने, फोनवर फार सांभाळून विचारलं होतं, "तुम्ही एकटे, कसं जमवाल? इथेच राहू दे का तिला?" मला ते झोंबलं. म्हटलं, आई नसली म्हणून माहेर संपत नाही, मी आहे ना. फोन ठेवल्यावर स्वतःवर इतका खूश झालो की दोन कप चहा केला. दुसरा कप कुणासाठी, हे ओतल्यावर लक्षात आलं.

केतकीनेही हट्टच धरला होता. तिला याच घरात यायचं होतं. आल्या दिवसापासून ती तुझं कपाट उघडून बसते. साड्यांच्या घड्या मोडते आणि तू घालायचीस तशाच पुन्हा घालते. मी दारातून बघतो आणि स्वयंपाकघरात निघून जातो.

मग मी तयारीला लागलो. आपल्या बाथरूमची कळा तुला माहीत आहे. बोअरच्या पाण्याने टाइलांवर पांढरा थर धरतो, फरशी बुळबुळीत होते. तू घासून घासून ती ताळ्यावर ठेवायचीस. माझ्याने ते होत नाही. तेव्हा पोरीला धरायला भिंतीवर एक दांडी बसवावी, असं ठरवलं. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

तू असतीस तर पिशवी घेऊन कोपऱ्यावर सेल्वमच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली असतीस. त्याचा पहिला शब्द ठरलेला, "एदुक्कु?" तमिळमध्ये, कशासाठी. खिळा मागा, नळाचा वायसर मागा, आधी एदुक्कु. कुठे लावायचंय, भिंत कसली आहे, घरात कोण वापरणार. तू त्याच्या स्टुलावर बसून सगळं सांगायचीस, त्याने न विचारलेलंसुद्धा. परत येताना तुझ्या हातात कागदात गुंडाळलेला एकच स्क्रू असायचा आणि मागोमाग ड्रिल मशीन घेऊन त्याचा माणूस. तुला तो अक्का म्हणायचा आणि त्या नात्याने मला अत्तान, म्हणजे मोठ्या बहिणीचा नवरा. बँकेच्या गिंडी शाखेत मला सगळे सर म्हणत, आणि हा माणूस भर रस्त्यात अत्तान म्हणून हाक मारायचा. मला ते आवडत नाही असं मी दाखवायचो. आवडायचं.

तरी मला त्या दुकानात जायला नको वाटायचं. का, ते तुला कधी बोललो नाही. तिथे बोलावं लागायचं! इतकी वर्षं चेन्नईत काढून माझं तमिळ भाजी आणि रिक्षा यांच्या पुढे गेलं नाही. बँकेत इंग्रजीवर भागलं, बाकी जगात तुझ्यावर भागलं. सेल्वमच्या एदुक्कुला उत्तर देताना मी हातवारे करायचो आणि मागची गिऱ्हाइकं हसायची. बायपासला ते मोठं दुकान उघडलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. गारेगार एसी, ढकलायला ट्रॉली, इंग्रजी पाट्या. तोंड न उघडता सगळी खरेदी करून बाहेर यायचं.

तू माझ्याबरोबर एकदाच आलीस. टॉवेलसाठी एक हुक हवा होता. एक मिळत नाही, अख्खं पाकीट घ्यावं लागतं. ते घेतलं, शिवाय वाटेत दिसलेला टॉर्च, चपलांचा रॅक आणि झाडांना पाणी घालायची पिचकारी. आपल्याकडे झाडं नव्हती. आणि त्यांच्याच ब्रँडचा तो चकचकीत नळ! वर्ष होतंय न होतंय तो गळायला लागला, तर म्हणाले ते मॉडेल बंद झालंय, आतला भाग मिळत नाही, नवीन नळ घ्या. तू काही बोलली नाहीस, नळाखाली वाटी ठेवलीस. बोलली होतीस ती त्या दिवशी, दुकानातच. "इथे कुणी काही विचारत नाही. मग आपल्याला कळायचं कसं?" मी म्हटलं, "पाकिटावर लिहिलेलं असतं."

तर आता दांडी आणायला मी कुठे गेलो असेन, सांग बरं.

फळीवर ती समोरच होती. दोन्ही टोकांना रबराच्या वाट्या, भिंतीवर दाबायची, खटका लावायचा, झालं. भोक नको, ड्रिल नको, माणूस नको. सेल्वम नको. टाय लावलेला एक जण जवळून चालला होता, त्याला विचारलं, चांगली आहे का? "खूप खपते, सर," म्हणाला आणि पुढे गेला. त्याने एवढंच म्हणावं आणि मी एवढ्यावर घ्यावी. कोण वापरणार, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

येताना सेल्वम दुकानाच्या पायरीवर उभा होता. पाप्पा, म्हणजे बाळ, केतकीला तो अजून तेच म्हणतो. पाप्पा आलीय असं कळलं, म्हणाला, घरी काही काम काढलंय का? मी त्या मोठ्या दुकानाची पिशवी घडी घालून काखेत दाबली आणि म्हटलं, "ओन्नुम इल्लै." काही नाही. हे दोन शब्द मात्र मला चोख येतात.

दांडी मी स्वतः लावली. ओढून बघितली. पक्की वाटली. केतकी म्हणाली, "बाबा, तुम्ही हँडीमॅन झालात की." ते ऐकून मी दिवसभर फुशारलो होतो.

गुरुवारी सकाळी मी उपमा ढवळत होतो आणि बाथरूममधून आवाज आला. घाबरू नकोस, बाळ ठीक आहे. केतकीही ठीक आहे. डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं, सगळं तपासलं आणि घरी पाठवलं. पण मी दार ढकललं तेव्हा ती फरशीवर कुशीवर पडली होती, एक हात पोटाखाली आणि दुसऱ्या हातात ती दांडी. भिंतीवरून निघून हातात आलेली, वाट्यांसकट. तिने ती अजून घट्ट धरून ठेवली होती. शालन, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी तुला तोंड दाखवायला जागा होती.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. केतकीने तो स्पीकरवर टाकला. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. केतकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "काही नाही आई, माझाच पाय घसरला. घाईत होते." ती मला झाकत होती. मी तेव्हा काय करावं? मी बोललो. म्हणालो, "तरी मी हिला रोज सांगतो, सावकाश चाल म्हणून. ऐकते कुठे!" माझ्या लेकीला माझ्या चुकीसाठी मीच रागावलो, तेही तिच्या सासूच्या कानावर जाईल असं. त्या पलीकडून तिला बोलत राहिल्या, इतका निष्काळजीपणा बरा नव्हे, आता दोन जीव आहेत. केतकी खाली मान घालून "हो आई, हो आई" म्हणत होती आणि मी उभा होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

नंतर कचऱ्यातून ते पाकीट काढलं. चष्मा लावून मागची बाजू वाचली. बारीक अक्षरात होतं: शरीराचा पूर्ण भार टाकू नये, खरखरीत किंवा क्षार धरलेल्या पृष्ठभागावर वापरू नये. पाकिटावर लिहिलेलंच होतं. दुकानाला काय बोलू मी? ते खोटं बोलले नाहीत. विचारायचं नाही आणि सांगायचं नाही, हाच तर त्यांचा नियम. तेवढ्याचसाठी मी तिथे जात होतो ना?

शनिवारी सेल्वमकडे गेलो. पायरीवर उभा राहिलो तेव्हा दिसलं, अर्ध्या फळ्या रिकाम्या आहेत. एका बाजूला झेरॉक्सचं मशीन आणि कुरिअरची खिडकी. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "सोल्लुंग सर." बोला, सर. मी उभ्या उभ्या म्हणालो, "एन पोण्णु विळुंदुट्टा. एन तप्पु." माझी मुलगी पडली. माझी चूक. मग लोखंडी दांडी मागितली. ती त्याच्याकडे नव्हती. आता तसला माल कोणी मागत नाही, म्हणून तो ठेवत नाही. पॅरीस कॉर्नरच्या घाऊक बाजारातून मागवतो म्हणाला, मंगळवारी येईल. रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, पाप्पा कशी आहे, आणि मी मान हलवली, कारण तिथे माझं तमिळ संपलं.

तोवर केतकी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करते आणि मी दाराबाहेर उभा राहून दर मिनिटाला हाक मारतो. ती आतून ओ देते. कधी चिडून देते. चिडून दिली तरी मला बरं वाटतं.

आज दुपारी तिला म्हटलं, विहीणबाई आल्या की मी खरं काय ते सांगणार आहे. तिचं तोंडच उतरलं. "नको ना बाबा. त्यांना कळलं तर त्या मला घेऊन जातील. मला इथेच राहायचंय." मग म्हणाली, "घसरले तर घसरले. मला चालतंय." तुझ्यासारखीच आहे. वाटी ठेवून मोकळी होते.

सांग, काय करू? गप्प राहिलो तर ती इथे राहील, आणि बाळ होईपर्यंत, नंतरही, सासरच्यांच्या लेखी निष्काळजी ठरेल. बोललो तर जाईल. आपलं घर पुन्हा होतं तसं होईल, आणि माहेर संपत नाही म्हणून मी जी ऐट मिरवली, ती माझ्यापाशीच राहील. दुपारपासून मी हाच हिशेब उलटसुलट करतोय, आणि दर वेळी मधे तू येतेस.

शालन, तुला वचन देतो. उद्या विहीणबाई दारात चपला काढत असतील तेव्हाच मी सांगणार, पाणी देण्याच्याही आधी, केतकीने मला थांबवायच्या आत. दांडी मी आणली, मी लावली, न विचारता, न वाचता. आणि फोनवर मी तिच्यावर ढकललं, तेही सांगणार. त्यांनी तिला नेते म्हटलं तर बॅग मी भरून देईन, तुझ्या दोन साड्याही त्यात ठेवीन. केतकी गेली तर जाऊ दे. पण ती स्वतः घसरली म्हणून जाणार नाही. तिच्या बापाची चूक झाली म्हणून जाईल.

तुझा,
वसंत