फळ्यावरचा एक तास

स्कार्वे बेट, गुरुवार, वारा नैऋत्येचा, अजून पडलेला नाही

ती. इझबेलताईस,

धाकट्या टॅमसचा गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार (त्याखाली कंबर जात नाही, मंगळवारपासून तर मुळीच नाही). तुझा पाय कसा आहे? जखम रोज धुतात ना? भाचीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून समुद्र दिसत नाही आणि समोर नुसती बँकेची भिंत आहे, हे तू मागच्या पत्रात लिहिलंस, तेव्हापासून जेवताना ती भिंत माझ्याही डोळ्यांसमोर येते. इकडे सगळं ठीक आहे. मेंढ्या ठीक, छप्पर ठीक, मॅन्सीकाका ब्याऐंशीचे झाले तरी दात आणि जीभ दोन्ही शाबूत. मी ठीक आहे, फक्त एका जागी बसवत नाही. सकाळपासून सात वेळा वाटेच्या तोंडाशी जाऊन आलो. पहिल्या तीन खेपांना कुत्रा बरोबर आला, मग त्याने नाद सोडला.

तुला आतापर्यंत कोणाकडून तरी कळलंच असेल (या लोकांच्या पोटात तीळ भिजत नाही), तरी माझ्या तोंडून ऐक, कारण बाकीचे तिखटमीठ लावून सांगतील. परिचारिका मंगळवारी आली होती. एल्स्पेथ गिलीस नाव, डंडीकडची, पस्तिशीची असेल, चालण्यात जोर आहे. बेट बघायचं, घर बघायचं आणि मग इथे राहायचं की नाही ते ठरवायचं, असा बेत. दोन वर्षांत आलेली ही तिसरी. पहिलीला वारा सोसला नाही, दुसरीला आम्ही. ही राहिली तर तुझी पट्टी तुझ्याच स्वयंपाकघरात बांधली जाईल आणि तू घरी येशील. ही गोष्ट मी कोणाला बोललो नाही, पण सगळ्यांना माहीत होती. म्हणूनच रूबीने दुकानाची खिडकी धुतली, आणि परिचारिकाबाईंना मोठ्या बेटावरून घेऊन यायचा मान मला मिळाला. मिळाला म्हणजे मी तो मागून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आता फळ्याचं. फळा आपल्या घराचा, खडू आपल्या घराचा, आजोबांपासून. रविवारी संध्याकाळी वाटेच्या तोंडाशी जायचं आणि आठवडाभर मोठ्या बेटाकडची वाट कधी उघडी, कधी पाण्याखाली, ते लिहायचं. गेल्या रविवारी सरकारने घड्याळं एक तास पुढे केली, दरवर्षी करतात तशी. भरती-ओहोटीचं पुस्तक मात्र हिवाळी घड्याळावर छापलेलं असतं, म्हणून त्या दिवसापासून पुस्तकातल्या प्रत्येक वेळेत एक तास मिळवायचा. हे मला शेंबडं पोर असल्यापासून माहीत आहे. मी मिळवला. नीट मिळवला, दोनदा तपासला. मंगळवारी सकाळी वाट आठ चाळीसला बंद, असं टपोऱ्या अक्षरात लिहिलं, आणि चार पावलं मागे जाऊन बघितलंसुद्धा.

रविवारी प्रार्थनेचा दिवस म्हणून, आणि सोमवारी वाऱ्याने माणूस उभा राहीना म्हणून, वाट कोणी ओलांडलीच नाही. त्यामुळे फळ्याची परीक्षा झाली नाही. मंगळवारी सकाळी सातला रूबीचा ट्रॅक्टर घेऊन मी पलीकडे गेलो. वाट कोरडी. बाई खाणावळीच्या दारात बॅग घेऊन तयार उभ्या. निघूया का, म्हणाल्या. मी म्हटलं, घाई कसली, आठ चाळीसपर्यंत वाट आपल्या बापाची आहे. आणि मग मी चहा मागवला, ताई. एक नाही, दोन. रेडिओवर हवामान सांगत होते, वारा नैऋत्य, जोर आठ, पुढे नऊ, तेव्हा मी त्यांना समजावलं की हा रेडिओ उंटावरून शेळ्या हाकतो, आमच्या खाडीचं त्याला काय कळतं. उधाणाची भरती, त्यात नैऋत्येचा वारा, म्हणजे पाणी लवकर चढणार, हे मी त्यांना त्याच चहावर शिकवत होतो. शिकवता शिकवता आठ वाजले.

अर्ध्या वाटेवर पाणी चाकाच्या आसाला लागलं. बाई म्हणाल्या, हे असंच असतं का? मी म्हटलं, थोडा ओलावा असतो. त्यानंतर ट्रॅक्टर दोनदा खोकला आणि गप्प झाला. पुढचं तुला सांगायला नको, वाटेच्या मधोमध काय आहे ते तुला माहीत आहे. ती पेटी. चार खांबांवरची लाकडी पेटी, आजोबांनी बांधलेली, अडकलेल्यांनी चढून बसायची. आजवर तिच्यात कोण बसलं? परदेशी पाहुणे, एक पक्षी मोजणारा, आणि त्या वर्षी रूबीचा मेंढा. बेटावरचा माणूस, तोही फळा लिहिणाऱ्या घराचा, कधी नाही. शिडी चढताना मला आजोबा आठवले आणि मी वर बघायचं टाळलं.

बसलो पेटीत. आठ वाजून वीस मिनिटं ते पावणेतीन. हिशेब तूच कर, माझे आकडे आता कोणी घेत नाही. बरोबर जवाची भाकरी आणि चीज होतं, ते रूबीने बाईंच्या स्वागताला दिलं होतं आणि ते स्वागत पेटीतच झालं. वारा बेटाकडून पेटीकडे. म्हणजे बेटावरचं बोललेलं मला स्वच्छ ऐकू येणार, आणि मी बोललेलं मोठ्या बेटावरच्या गाईंना. हे आधी लक्षात आलं नाही. साडेनऊला बघतो तर किनाऱ्यावर माणसं. दहाला खुर्च्या आल्या. नाव पाण्यात घालायची सोय नव्हती, लाटा तशा होत्या, हे मान्य. पण खुर्च्या?

मॅन्सीकाकांनी नावघरातला कर्णा आणला होता. पहिला प्रश्न आला तो जिवाचा नव्हे. “टॅमस, ट्रॅक्टरचा ब्रेक लावलायस का?” मग रूबीने कर्णा हिसकावला आणि ट्रॅक्टरबद्दल जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मग काका परत. “अरे, रविवारीच दिसलं मला, तासाचा घोळ आहे म्हणून.” रविवारीच! सील बसतात तो खडक कधी बुडतो त्यावरून त्यांनी फळा चुकलाय हे ओळखलं होतं. मग पुसला का नाही? सांगितलं का नाही? तर दुसऱ्याच्या फळ्याला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याच्या खडूबद्दल बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ती मलाही मान्य आहे, मीसुद्धा बोललो नसतो. शिवाय काकांचं म्हणणं, कर्ण्यातून: “मला काय ठाऊक, डोळ्यांसमोर पाणी चढताना तू फळ्यावर विश्वास ठेवशील? आम्ही कोणी ठेवत नाही.” मी पेटीतून ओरडून चोख उत्तर दिलं. गाईंनी ऐकलं असेल.

बाई शांत होत्या, हे मला जास्त लागलं. बूट काढले, मोजे पिळून खिडकीला लावले, माझी नाडी बघितली, (जोरात होती), आणि वेळ जाईना म्हणून भरतीचं पुस्तक मागितलं. मी दिलं. पुस्तकाला मी दरवर्षी कव्हर घालतो, यंदा तुझ्या खोलीतल्या भिंतीच्या उरलेल्या कागदाचं, निळ्या फुलांचं, फार सुरेख बसलं होतं. त्यांनी सहज, नुसता हाताला चाळा म्हणून, ते कव्हर सोडवलं. आत मुखपृष्ठावर ठळक छापलेलं: यंदापासून पुस्तकातल्या वेळांत उन्हाळी घड्याळाचा तास मिळवलेला आहे, वाचकांनी पुन्हा मिळवू नये. नवा छापखाना, नवी पद्धत. बाईंनी ते मोठ्याने वाचलं, एकदाच. मग कव्हर पुन्हा घातलं, होतं तसं, घडीवर घडी. ताई, त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तू म्हणशील, चूक कोणाची? मी म्हणेन, पद्धतीची. साठ वर्षं एक पद्धत चालते ती एका मुखपृष्ठावर बदलायची असते का? घरोघरी पत्र पाठवायचं, माणूस पाठवायचा. चाळीस वर्षं मी खडू धरलाय, एक मिनिट चुकलं नाही, हे मी पेटीत बाईंना सांगितलं, आणि नेमकं तेव्हाच किनाऱ्यावरून कर्णा बोलला: “बाई, ऐकताय का? चाळीस वर्षं बेरीज त्याची बहीण करायची. हा नुसतं अक्षर काढायचा.” सगळा किनारा हसला. वाऱ्यावर हसणं फार लांब जातं. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं, ताई. रविवारी दुपारी तू ओट्यापाशी कागदावर आकडे मांडायचीस, मी तो कागद टोपीत घालून जायचो, वाटायचं कोणाच्या बापाला पत्ता नाही. बाबांनी खडू माझ्या हातात दिला, मुलगा म्हणून. तू एका शब्दाने बोलली नाहीस. मागची दोन वर्षं मी बेरीज एकट्याने केली, कशी ते देवाला ठाऊक, आणि प्रत्येक रविवारी त्या ओट्याकडे पाठ करून केली.

बाईंनी विचारलं, तुमच्या ताई आता कुठे असतात? मी सांगितलं. पाय सांगितला, भिंत सांगितली. खूप बोललो, पावणेसात तास होते (हिशेब मीच केला शेवटी). पाणी उतरल्यावर आम्ही चालत बेटावर आलो, बाईंनी घर पाहिलं, चूल पेटवून पाहिली, रूबीच्या हातचं मटणाचं सूप प्यायलं, आणि बुधवारी सकाळी मॅन्सीकाकांनी त्यांना पलीकडे पोचवलं. काका फळ्याकडे न बघता निघाले, मुद्दाम, माझ्यासमोर. जाताना बाई एवढंच म्हणाल्या की उत्तर शुक्रवारच्या टपालाने येईल.

तर आज गुरुवार. हो म्हणतील का? रूबी म्हणते, कोणती शहाणी बाई म्हणेल. मॅन्सीकाका म्हणतात, तिने मोजे वाळत घातले, म्हणजे राहणारी आहे. मला काही सुचत नाही. मी चूल साफ केली, मग परत साफ केली. तुझ्या खोलीचं दार उघडून ठेवलं, मग वाटलं अपशकुन होईल, म्हणून लावलं. माझ्या एका तासापायी तू त्या भिंतीसमोर म्हातारी झालीस तर मी काय करायचं, हे मला कोणी सांगत नाही, आणि कर्णा आता नावघरात परत गेलाय.

बाकी काळजी करू नकोस. फळा मी त्याच संध्याकाळी पुसून नव्याने लिहिला, बरोबर वेळांनी, आणि सगळं पूर्वीसारखं चालू आहे. बेटाचा माझ्यावर विश्वास आहे. भाचीला आशीर्वाद.

तुझा,
टॅमस

ता. क. (शनिवार) पत्र टाकायचं राहिलं, ते एका अर्थी बरं झालं. काल टपाल आलं. बाई येतात. एक मेपासून. रूबीने पत्र माझ्या हातून घेऊन दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं, म्हणून ट्रॅक्टरचा विषय सध्या बंद आहे.

दुसरा ता. क. पत्रात एक अट होती, ती रूबीने दोनदा वाचली. बाई लिहितात की आपल्याला अवेळी, पावसापाण्याचं, वाटेच्या अलीकडे-पलीकडे कोणाच्याही दारी जावं लागेल, तेव्हा टॅमसरावांच्या आकड्यांवर आपण वाटेवर पाऊल टाकणार नाही. त्यांच्या ताई घरी येऊन फळा हातात घेणार असतील तर येते, आणि तसं असेल तर एक मेला त्यांना बरोबरच घेऊन येते. म्हणजे पट्टीसाठी तुला त्या हव्यात आणि वाटेसाठी त्यांना तू. तेव्हा हो म्हण. हेच विचारायला मी हे पत्र लिहायला बसलो होतो, पण गुरुवारी मला ते माहीत नव्हतं.

तिसरा ता. क. फळा नव्याने लिहिला असं मी वर म्हटलंय. लिहिला नाही. मंगळवारी संध्याकाळी पुसला, खडू उचलला आणि हात चालेना. आता पुस्तकात मिळवायचंसुद्धा काही नाही, नुसतं उतरवायचं, तेही जमेना. तेव्हापासून कोरा आहे. लोक पाण्याकडे बघून जातात-येतात आणि मला कोणी काही म्हणत नाही. काल मॅन्सीकाका फळ्यासमोर टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, इझबेलला सांग, आम्ही थांबतो.