लिहायचा हात

प्रिय ताई,

माझं पत्र बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि हे एका दमात सांगायचं आहे.

गेल्या रविवारी सकाळी क्लबचं छोटं विमान घेऊन निघालो. मेकॅनिकने बजावलं होतं, डाव्या टाकीत जेमतेम पेट्रोल आहे, उजवी गच्च भरली आहे, उजवीवरच जा. मी हो हो म्हणत टाकी बदलायचा खटका फिरवला. त्याच्यावरच्या खुणा बोटं लागून कधीच पुसल्या आहेत. अर्ध्या तासाने, खाली नुसती झाडी असताना, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. विमानाचं नाक खाली घेतलं, सगळी बटणं तपासली. भरल्या टाकीवर इंजिन बंद पडलंच कसं, काही कळेना. झाडं जवळ येत होती. शेजारची सीट रिकामी नव्हती, माझी खरी भीती त्या जिवाची होती. माझी बोटं आपसूक मांडीवर काहीतरी लिहू लागली.

आठवतं तुला? शाळेत कवायतीला ‘डावीकडे वळ’ म्हटलं की मी उजवीकडे वळून शेजारच्याच्या नाकावर आदळायचो. बाबा माझी पेन्सिल उजव्या हातात कोंबायचे, त्यांची पाठ वळली की तू ती परत डाव्या हातात द्यायचीस. एकदा तर त्यांना तोंडावर म्हणालीस, याचा हात बदललात तर याला डावं कुठलं ते कोण सांगणार? मला म्हणायचीस, डावखुऱ्या, आधी मांडीवर नाव लिही. ज्याने लिहितोस तो डावा. मग वळ.

त्या क्षणी पाहिलं, खटका माझ्या लिहायच्या हाताकडे वळलेला होता. म्हणजे निघाल्यापासून मी रिकाम्या होत आलेल्या टाकीवरच उडत होतो. पन्नाशीला आलो तरी ये रे माझ्या मागल्या. खटका उलटा फिरवला. पाच-सहा सेकंद काहीच नाही, मग इंजिन खाकरलं आणि चालू झालं. मी रडलो, सरळ रडलो. उतरल्यावर मेकॅनिकला माझी चूक सांगितली. तो लगेच लाल रंग घेऊन आला. मी त्याला डाव्या खुणेपाशी ‘लिहायचा’ असं लिहायला लावलं, तेव्हा मात्र तो हसला.

आता खरं ते सांगतो. शेजारच्या सीटवर तुझी लेक होती. सुट्टीला आली होती, तुला न विचारता मी तिला नेलं. आईला सांगू नकोस म्हणून तिने मला शपथ घातली, ती मी मोडतो आहे. ती हसतखेळत घरी परत येते आहे ती तुझ्यामुळे, आणि हे तुझ्यापासून लपवून तुझे उपकार कसे मानू? माझ्यावर हवं तेवढं चीड, तिला रागावू नकोस. पोर एकदाही ओरडली नाही. उतरल्यावर तिने विचारलं, मामा, मांडीवर काय लिहीत होतास? ताई, त्या घाईत मला माझं नाव सुचलंच नाही. दोनच अक्षरं लिहिली होती, तुझी.

तुझाच,
डावखुरा