बाबांचा काढा

आई,

तुझा आत्ताच डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. मी नवा रायपूरला, दवाखान्यात निघाले आहे. दादाचा फोन आला. बाबांच्या मेंदूतला रक्तस्राव थांबलेला नाही, ते अजून डोळे उघडत नाहीत. दुपारी दादा तुला घ्यायला येईल. तोवर दोन घास खाऊन घे.

सोबत बाबांचा तुळशीचा काढा आणू नको. डॉक्टर फोनवर म्हणाले, तुळशीतलं युजेनॉल नावाचं द्रव्य रक्त लवकर गोठू देत नाही, आणि बाबांची हृदयाची गोळीही तेच करते. दोन्ही मिळून झालं असेल. खात्रीनं ते सांगत नाहीत. रोज किती पानं, असं त्यांनी विचारलं. रविवारी तुळस तोडत नाहीस म्हणून शनिवारी दुप्पट तोडतेस, हेही मी सांगितलं.

कालपासून तू एकच म्हणते आहेस, "मीनंच माझ्या हातानं पाजला." आई, तो काढा माझ्या लेखामुळे सुरू झाला. युजेनॉल, उर्सोलिक आम्ल, सर्दी, सूज, साखर यांवरचे तुळशीचे गुण, सगळं मी लिहिलं होतं. तू विचारलंस, "अहो, गोळीसंग चालते का हे?" बाबा हसले, "पोट्टीनं पेपरात लिवलं, काहून नाही चालणार?"

लेखाच्या शेवटी एक वाक्य होतं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुळस रोज घेऊ नये. पेपरचं पान सात वाजता छपाईला जायचं होतं आणि जागा कमी पडली. ते वाक्य मीच कापलं.

हे दादाला सांगितलं आहे. बाबांना सांगायला मिळेल की नाही, माहीत नाही.

देवश्री