वाघोडीची अकरा हिरवी छपरं

४ ऑगस्ट

आज चौदा घरं काढली. त्यातलं एक तलावात!

बिल्कीसनं ते गुपचूप उचलून काठावर ठेवलं. ती अचलपूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि आमचा नकाशावाला ग्रुप चालवते. उपग्रहाच्या फोटोवरून घरं, रस्ते रेखायचे, म्हणजे संकट आलं की मदतवाल्यांना कुठं जायचं ते कळतं. बिनपगारी काम. निवृत्त कृषी सहायकाला दुसरं कोण देणार?

मंजुषा मागून डोकावली. "काऊन जी, घरात चष्मा सापडत नाई तुमाले, अन् दुनियेचा नकाशा काढून राहिले?"

बायकोला उत्तर देऊ नये. माउस हलवत बसलो.

९ ऑगस्ट

प्रगती आहे. आता गोठ्याला घर म्हणत नाही.

१७ ऑगस्ट

तिवस्याकडे नाल्यांना पूर. वाघोडी गाव घाईनं हवंय — अकोल्याची एक संस्था ताडपत्र्या आणि किराणा नेणार आहे. नकाशात जितकी घरं, तितके संच.

गावाबाहेर नाल्याच्या काठावर अकरा हिरवी छपरं दिसली. नवख्या रोहितनं ग्रुपवर विचारलं, ही घरं आहेत का? मी ठणकावून लिहिलं — शेडनेट! हिरव्या जाळीचे मांडव, आत फुलं असणार. एकतीस वर्षं शेडनेटचेच प्रस्ताव तपासले, मला कोण शिकवणार!

बिल्कीसनं विचारलं, "सर, पक्कं ना? शंका असंल तर नुसती खूण करून ठेवा."

शंका, आणि मला? गाव 'पूर्ण' करून टाकलं. छाती फुगली. पोट आधीच फुगलेलं होतं.

२१ ऑगस्ट

संस्थेतून फोन. वाघोडीत अकरा घरं राहिली. शेडनेटमध्ये माणसं राहतात.

२२ ऑगस्ट

एसटीनं तिवसा, पुढं बुधाजीच्या गाडीवर. बुधाजी त्या वस्तीतलाच, दुसऱ्यांच्या शेतात झेंडू-शेवंती तोडायला जातो. छपरं टिनाचीच निघाली. उन्हाळ्यात टिन तापतं, म्हणून शेतमालकांनी टाकून दिलेली फाटकी हिरवी जाळी वर अंथरलेली. त्यातली एखादी मीच मंजूर केलेली असेल, सांगता येत नाही!

त्याची आई, पार्बताबाई, ओल्या गोधडीवर बसली होती. पाच दिवस तशीच.

"गावात सर्व्यायले भेटलं. आमी वरून मानसं दिसलो नाई काय, सायेब?"

लाज वाटली. फार वाटली.

मग भरपाई करायचा जोर चढला. दारोदार फिरलो. एकेक घर मोबाइलवरून नकाशात टाकलं — नंबर, कर्त्याचं नाव, माणसं किती. वस्तीलाही नाव दिलं. पार्बताबाई म्हणाली, "लिव बापा, सारं लिव."

जागा ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरान, असं बुधाजी बोलता बोलता म्हणाला. त्यानं सांगायची गरज नव्हती. असल्या जमिनी नोकरीभर पाहिल्यात मी. पण तेव्हा मी पुण्य कमावण्यात गुंतलो होतो.

२३ ऑगस्ट

बिल्कीसचा फोन. एरवी हळू बोलणारी, आज नाही.

"सर, नावं काहून टाकली? आपण घर टाकतो, माणूस नाही. अन् हे साऱ्या दुनियेले दिसते, हे सांगितलं का त्यांना?"

नव्हतं सांगितलं. म्हणालो, आधी ताडपत्र्या तर पोचू देत, मग काढतो नावं. पोरीच्या वयाची, आणि मला नियम सांगते! रागच आला. ती बरोबर होती म्हणून जास्त आला.

२६ ऑगस्ट

पोचले! अकराच्या अकरा संच. बुधाजीनं फोटो पाठवला — ताडपत्री मांडीवर घेऊन पार्बताबाई. मी तो मंजुषाला तीनदा दाखवला. चौथ्यांदा म्हणाली, "झालं जी, मोठे झाले तुमी. आता जेवा."

नावं काढायची राहिली. उद्या काढतो.

३० ऑगस्ट

उद्या काढतो म्हटलं होतं. आज ग्रुपनं माझ्या नावानं टाळ्यांची चित्रं पाठवली. त्यांना आभार लिहिण्यात सकाळ गेली.

१२ सप्टेंबर

अकराही घरांना तहसीलची अतिक्रमणाची नोटीस. पंधरा दिवसांत जागा खाली करा. सोबत नकाशा जोडलाय — माझा. नंबर माझे, नावं मी लिहिली त्याच क्रमानं.

पार्बताबाईनं फोनवर एवढंच विचारलं, "आता पुसता येते काय, बापा?"

येतं. पुसलं. नोटीस तशीच आहे.